वाळल्याल्यात जीव असतो का

"क्रांती, वाळल्याल्यात जीव असतो का गं?"

कस्तुरीकाकू मागच्या दाराने आल्या तेव्हा मी भांडी घासत होते. त्यांच्या हातात स्टीलची छोटी डबी होती, हळदीकुंकवाला वापरतो तसली. मूठ इतकी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती.

"कसल्या वाळल्याल्यात?" मी म्हटलं. "गहू वाळल्यालाच असतोय की. पेरला की उगवतोय."

"गव्हाचं न्हवं गं." त्यांनी मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि डबी उघडली. आत पिवळट पापुद्रे होते. कुरडयांच्या डब्याच्या तळाशी चुरा उरतो तसे. मी ओळखलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

ती डबी चंदनाची. चंदना म्हणजे काकूंची सून. सातवा महिना लागलेला आणि मिरजेच्या दवाखान्यात आडवी पडलेली. खाटेवरून उठायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डबीत होतं ते तिचं खमीर, पाव फुगवायचं आंबवण, तिनेच एका उन्हाळ्यात वाळवून ठेवलेलं.

"हे परत जित्तं हुतंय का, तेवढं बघ तुझ्या मोबाईलवर," काकू म्हणाल्या. "आनि चंदनाला सांगू नगंस. कुनालाच सांगू नगंस."

आता काकूंविषयी सांगायला हवं, नाहीतर यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. आमच्या दुधगावात भिण्याच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरणार नाही. गॅस पेटवताना त्या ओट्यापासून हातभर लांब उभ्या राहतात. एसटीत बसल्या की सांगली येईपर्यंत ओठांवर णमोकार मंत्र. पाल, वीज, कुत्रं, अनोळखी नंबरचा फोन, सगळ्याला भितात. आणि या सगळ्याच्या वर एक मोठी भीती, आपल्या हातून जीव जाण्याची. घर जैन, धर्म कडक पाळणारं. दिवस मावळायच्या आत जेवणं, कांदा-लसूण-बटाटा घरात नाही, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं. एवढं आमच्या गावात बऱ्याच घरी असतं. काकू त्याच्याही पुढे. चालताना मुंगी दिसली की त्या पाऊल वरच्या वर धरतात आणि मुंगी पलीकडे जाईपर्यंत एका पायावर उभ्या राहतात. मी त्यांना म्हणायची, काकू, आमच्या ह्यांच्या पलटणीत भरती व्हा, कवायत आयतीच येते तुम्हाला. त्या हसायच्या. पाऊल मात्र मुंगी गेल्यावरच खाली यायचं.

मी मेढ्याची, डोंगरातली. नवरा वीरधवल फौजेत. भित्र्या माणसांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. अवेळी फोन वाजला की भीती मलाही वाटते, पण मी उठते आणि फोन उचलते. काकू वाजणाऱ्या फोनकडे नुसत्या बघत बसतात. आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच असल्यामुळे त्यांचा फोन किती वेळ वाजत राहिला ते मला इकडे कळतं, आणि माझं डोकं फिरतं.

चंदना वाईची. पाचगणीतल्या एका बेकरीत काम शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा मांडीवर काचेची बरणी धरून गाडीतून उतरली होती. बायका रुखवताकडे बघायच्या सोडून त्या बरणीकडेच बघत होत्या. आत कणीक आणि पाणी, दुसरं काही नाही, पण ते आपोआप आंबून वर बुडबुडे आलेले. रोज त्यातलं थोडं काढायचं आणि ताजं पीठपाणी घालायचं, की ते वर्षानुवर्षं चालतं. दही संपत आलं की चमचाभर विरजणाला ठेवतो, त्यातलाच प्रकार. चंदना त्यावर खपली गव्हाचे पाव करायची, जाड सालीचे, आंबूस. सांगलीतली काही घरं ते ठरवून न्यायची. एक पाव मला मिळायचा, कारण आम्ही दोघी साताऱ्याकडच्या.

काकू त्या बरणीच्या आसपास फिरकायच्या नाहीत. आंबवलेलं तोंडात घालायचं नाही, हा त्यांचा नियम, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांसमोर घेतलेला. पण सुनेला त्या कधी काही बोलल्या नाहीत. एकदाच बोलल्या.

दोन उन्हाळ्यांमागे चंदनाला पाचवा महिना होता आणि ते मूल गेलं. तिला दवाखान्यातून घरी आणली त्या दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. काकू दारात उभ्या होत्या, तोंडावर रक्त नाही. आणि तिथूनच म्हणाल्या, "रोज एवढं जीव भट्टीत घालतीस. त्येचंच फळ आलं हे."

मी उठून त्यांना अंगणात नेलं. तिथे मी जे बोलायला लागले ते काकूंचे यजमान, धन्यकुमारकाका, मळ्यातून आले तरी बोलतच होते.  पण चंदनाने त्यांचं ते वाक्य ऐकलं होतं. ती रडली नाही, भांडलीही नाही. हिंडायफिरायला लागल्यावर एक दिवस गच्चीवर गेली. तिथे काकूंच्या शेवया वाळत घातलेल्या होत्या. तिने त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि बरणीतलं सगळं आंबवण त्यावर पातळ पसरलं. वाळल्यावर खरवडून डबीत भरलं, डबी कपाटात ठेवली, बरणी घासून लोणच्याला दिली. त्यानंतर त्या घरात पाव झाला नाही.

पर्युषणानंतर जैनांमध्ये क्षमा मागायचा दिवस असतो. लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. त्यानंतर दोन वेळा तो दिवस आला. दोन्ही वेळा काकूंनी चंदनाला हात जोडले, चंदनानेही जोडले. मग काकू माझ्याकडे वळल्या आणि मलाही तसेच जोडले. म्हणजे दहीहंडीच्या वर्गणीवरून भांडलेल्या मला आणि तिला एकच माप. ती क्षमा त्या वाक्यासाठी नव्हती, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

"मग आत्ताच कशाला काढलं हे?" मी डबीकडे बघत विचारलं.

"तिला घरी आनतील तवा स्वयपाकघरात बरनी दिसाय पायजे. फसफसल्याली. मग मला बोलाय लागनार न्हाई. तोंडानं जमत न्हाई गं मला."

"करा की मग. त्यात भ्यायचं काय?"

काकू खाली पाटावर बसल्या. डबी मांडीवर घेतली आणि तिच्या झाकणावरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "मेलं तर सुनेला काय सांगू? आनि जगलं तर देवाला काय सांगू?"

 एवढा वेळ मला वाटत होतं की काकूंना आपल्या बोलण्याचा नुसता पस्तावा झालाय. तसं नव्हतं. जे बोलल्या होत्या ते त्यांना अजून खरंच वाटत होतं, निदान अर्धं तरी. वाळलेले जीव आपण जागे केले आणि तिकडे चंदनाच्या पोटातल्याला काही झालं तर, ही धास्ती होती. आणि तरीही त्या डबी घेऊन माझ्या दारात आल्या होत्या. माझ्या जिभेवर आलेली चेष्टा मी गिळली.

मोबाईलवर एक पोरगा सांगत होता. पापुद्रे कोमट पाण्यात भिजवा, विरघळले की तेवढंच पीठ घाला, उबेला ठेवा, रोज थोडं पीठ द्या, थंडीत वेळ लागतो, धीर धरा. काकूंनी ते तीन वेळा ऐकलं. मी म्हटलं, आणा इकडे, मी करते. तर डबी पटकन पदराआड गेली.

"तू हात लावू नगंस. पाप लागलं तर माझं मला लागू दे."

त्यांनी डबीतले थोडेच पापुद्रे घेतले, आपल्या घरी भिजवले, खपलीचं ताजं दळलेलं पीठ घातलं आणि वाटी मागच्या खोलीत धान्याच्या कणगीआड ठेवली. पौषातले दिवस, पहाटे उसाच्या गाड्या निघायच्या तेव्हा अंगणात धुकं असायचं. रोज सकाळी काकू भिंतीपाशी येऊन हळूच सांगायच्या, "काय न्हाई." मी विचारायची, बुडबुडा? "न्हाई." वास? "कसला न्हाई." त्या सांगताना हिरमुसलेल्या असायच्या आणि जरा सुटल्यासारख्याही. दोन्ही एकदम माणसाच्या तोंडावर कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं.

काकूंचा मुलगा, म्हणजे चंदनाचा नवरा, नाव अतिशय, मिरजेला चंदनाजवळ राहिला होता. त्याचा फोन आला की काकू आधी कणगीआड जाऊन वाटीत डोकावायच्या आणि मगच फोन घ्यायच्या. चंदनाला बरं आहे असं कळलं की वाटी आहे तशीच राहिलेली बरी, असं त्यांना वाटायचं. तिकडून फोन नाही आला की वाटत असे, आपण त्या वाटीत काय मांडून ठेवलंय. जेवण तुटलं. काका मला म्हणाले, "सुनंचं एवढं मनाला लावून घेतलंय हिनं." मी हो म्हटलं. त्यांना काय सांगणार?

पहिली वाटी निवळ राहिली. खाली चिखल, वर पाणी. काकूंनी ती टाकली नाही, तशीच ठेवली, न जाणो आत काही असेल. दुसरी खेप काचेच्या बरणीत भिजवली. चंदनाची जुनी बरणी, लोणचं काढून घासून घेतलेली. तीही तशीच. डबीत आता चिमूटभर उरलं होतं.

आणि एका दुपारी मिरजेहून फोन आला की चंदनाच्या अंगावरून रक्त गेलंय.

काकूंनी हे लगेच सांगितलं नाही. मी अंगणात धुणं वाळत घालत होते, तर त्या बरणी दोन्ही हातांनी पुढे धरून आल्या, चप्पल न घालता. मुंग्यांची रांग त्यांच्या पायाखालून चालली होती आणि त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. ते बघूनच मी घाबरले.

"घे हे," त्या म्हणाल्या. "लांब न्हेऊन टाक. माझ्या हातानं टाकवत न्हाई. मीच केलं गं. एकदा तोंडानं केलं, आता हातानं केलं."

मी त्यांना घरात नेऊन बसवलं. काका मोटारसायकल काढून मिरजेला गेलेले. फोन आमच्या दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला होता. तो वाजावा असंही वाटत होतं आणि वाजू नये असंही. एक खरं सांगते, त्या दुपारी मी काकूंइतकीच भ्याले होते. वीरधवल बर्फात असतो तेव्हा मी कामं काढते, भांडी पुन्हा घासते, डबे पुसते. तशीच मी ती बरणी पुसायला घेतली. पुसली, झाकण काढलं, काठाला वाळलेलं पीठ नखाने खरवडलं. आणि नाकाला वास आला.

आंबटाचा नव्हे. लवंगेचा.

"काकू, ह्यात लवंग कशाला घातलीसा?"

"लवंग? न्हाई बा. पीठ आनि पानी."

"वास येतोय."

"पानी आपलं नेहमीचं. पितळंच्या कळशीतलं."

आणि मला एकदम त्या घराचा वास आठवला. काकूंच्या घरी पाणी मागितलं की तांब्यातून नेहमी तो वास येतो, आणि इतक्या वर्षांत तो त्यांच्याही नाकाला येईनासा झालाय. त्यांच्या सासूबाईंची पद्धत. पाणी नुसतं गाळून भागत नाही. गाळलेल्या पाण्यात पुन्हा जीव होतात, म्हणून त्यात लवंगेची पूड टाकायची. पाण्याचा वास बदलला, चव बदलली की ते प्रासुक झालं. म्हणजे त्यात आता जीव उरला नाही आणि काही वेळ होणारही नाही. काकू लग्न होऊन आल्यापासून त्या घरात चुलीला दुसरं पाणी लागलेलं नाही; फक्त चंदना आपल्या बरणीला थेट नळाचं पाणी घ्यायची.

"काकू," मी हळूच म्हटलं, "लवंगंचं पानी कशासाठी करता तुमी?"

"कशासाठी म्हंजे? त्यात जीव हू नये म्हनून."

बोलल्या आणि तोंड तसंच उघडं राहिलं. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या मात्र बरणीकडे बघत होत्या, मग देवघरापाशी ठेवलेल्या कळशीकडे, मग पुन्हा बरणीकडे.

"म्हंजे दोन्ही येळंला मीच मारलं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी हात पुढे केला नाही, मीच उचलला. अतिशय होता. रक्त थांबलं होतं. बाळाचे ठोके व्यवस्थित होते. तिला अजून जपायला लागेल, डॉक्टर काही खात्रीने सांगत नाहीत, पण आत्ता ठीक आहे. मी ते सगळं मोठ्याने परत म्हणत गेले, काकूंना ऐकू जावं म्हणून. त्या ऐकत होत्या की नाही, कळेना. 

मग म्हणाल्या, "क्रांती, दुपारी तिचं रक्त गेलं, तवा ह्या बरनीत जीव न्हवता."

"न्हवता."

"मेल्यालंच हुतं."

"व्हय."

"मग रक्त कशानं गेलं?"

"कशानंच न्हाई, काकू," मी म्हटलं. "हुतंय तसं. कुनाच्या केल्यानं न्हाई हुत."

त्यांनी मान हलवली. पदराने तोंड पुसलं. "मग पयल्या बाळाच्या येळंलाबी," एवढंच म्हणाल्या.  इतकी वर्षं त्यांच्याशी भांडून जे मला सांगता आलं नव्हतं ते एका मेलेल्या पिठाने त्यांना सांगितलं होतं, आणि आता त्या त्याच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डबी घेऊन आल्या. उरलेली चिमूट. "तुझ्या घरात करू. माझ्या घरात समद्याला लवंग लागल्याली हाय." पाणी मात्र माझ्या नळाचं तसंच घ्यायला तयार नव्हत्या. फडक्यातून गाळलं, फडक्यावर राहिलेले जीव अलगद नळाखालच्या हौदात सोडले, मग पाणी उकळून निवू दिलं. नियमात उकळलेलंही चालतं. सासूबाईंना जळण वाचवायचं होतं म्हणून लवंग आली होती, एवढंच. मी म्हटलं, एवढ्याशा वाचवलेल्या जळणानं केवढा घोळ केला बघा. काकू हसल्या नाहीत.  पापुद्रे वाटीत टाकताना एक बाहेर पडला, तर त्यांनी जिवाच्या आकांताने शोधला आणि बोटाच्या टोकावर चिकटवून आत सोडला.

आमच्या न्हाणीत आंघोळीचा बंब आहे. त्याच्या शेजारी कोनाड्यात ऊब राहते. तिथे बरणी ठेवली, वर फडकं बांधलं. काकू दिवसातून किती वेळा येऊन बघायच्या याला गणती नाही. आधी काहीच झालं नाही, आणि मलाही वाटायला लागलं की संपलं. मग एका सकाळी मी बंब पेटवायला गेले तर पिठाला काचेच्या कडेने बारीक भोकं दिसली. जाळीच्या घावनाला पडतात तशी. मी काकूंना हाक मारली.

त्या आल्या, वाकून बघितलं आणि भिंतीला टेकल्या. आम्ही बघत असतानाच एक बुडबुडा वर आला, फुगला आणि फुटला. काकूंनी चटकन हात जोडले. देवाला जोडतात तसे नव्हेत, अंगावर कुणी धावून आल्यावर जोडतात तसे.

"आता ह्याला मारायचं न्हाई," त्या पुटपुटल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "ह्याला भूक लागत असंल न्हवं?"

तेव्हापासून त्या त्याला रोज पीठ घालायच्या. काढायचं थोडं आणि घालायचं थोडं, हे काही त्यांना जमलं नाही. काढलेलं टाकायचं कुठे? म्हणून सगळंच ठेवत गेल्या, आणि आंबवण एका बरणीतून माझ्या पातेल्यात, पातेल्यातून डब्यात असं पसरायला लागलं. मी ओरडले. मग मी त्याची धिरडी करून खाल्ली आणि पाप माझ्या नावावर घेतलं. काकूंनी तेवढा वेळ तोंड फिरवलं होतं.

चंदना घरी येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. पण काकूंच्या मनाने उचल खाल्ली. "घरी कवा यील, कशी यील, काय सांगता येतंय?" असं म्हणून त्या स्वतःच घाबरल्या आणि मला म्हणाल्या, "चल, मिरजेला जाऊ." काकूंनी आपणहून कुठे जाऊ म्हणावं, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

एसटीत त्यांनी बरणी मांडीवर धरली होती. वरचं फडकं मी सैल बांधलं होतं, फुगायला जागा हवी म्हणून. सांगलीला गाडी बदलली तोवर पीठ काठाला आलं होतं. प्रत्येक खड्ड्याला काकू डोळे मिटायच्या. या खेपेला ओठांवर णमोकार नव्हता, माझ्या लक्षात आलं. त्या बरणीला हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. दम धर, असं काहीतरी.

चंदनाचा चेहरा सुकलेला होता. खाटेची पायाकडची बाजू विटा लावून वर केली होती. आम्हाला बघून तिने हसायचा प्रयत्न केला. अतिशय औषधं आणायला बाहेर गेला. काकूंनी पिशवीतून बरणी काढली, फडकं सोडलं आणि खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवली.

चंदनाने ती पाहिली. ती आनंदेल, रडेल, काहीतरी करेल, असं मला वाटलं होतं. तिचे दोन्ही हात झटकन पोटावर गेले.

"हे इथं का आणलंत?" ती म्हणाली. आवाज चिरकला. "आई, बाहेर न्या ते. क्रांतीताई, घेऊन जा. आत्ताच्या आत्ता न्या."

तेव्हा मला कळलं. ते वाक्य काकूंपेक्षा तिच्यातच जास्त खोल गेलं होतं. आम्हाला वाटायचं ती रागावून बरणी बंद करून बसलीय. ती रागावली नव्हती, तिला ते पटलं होतं. पाचगणीत शिकलेली, चारचौघींत टेचात बोलणारी ही पोरगी दोन वर्षं त्या डबीला भिऊन होती. मी बरणी उचलायला पुढे झाले.

"थांब," काकू म्हणाल्या.

त्या खाटेशी गेल्या. कपाटाला धरून उभ्या राहिल्या. "चंदना, त्या दिशी मी बोलले ते खोटं हुतं. मला कायबी ठावं न्हवतं. मी भ्याले हुते. भ्याले म्हनून बोलले."

चंदना बरणीवरची नजर काढेना. हात पोटावर तसेच. "खोटं असलं तरी," ती म्हणाली, "आता नको. बाळ होईपर्यंत नको. असलंच काही तर?"

 असलंच काही तर. काकूंचं सगळं आयुष्य याच शब्दांवर गेलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या हो म्हणतील, बरणी पिशवीत ठेवतील आणि आम्ही परतीची गाडी धरू.

काकूंनी बरणी जवळ ओढली. तर्जनी आत बुडवली, फेसाळ आंबवण बोटभर वर घेतलं आणि तोंडात घातलं. आंबवलेलं कधी न खाल्लेली बाई, मुनिमहाराजांपुढे नियम घेतलेली. चंदना उठून बसायला लागली, मी तिचा खांदा दाबून धरला. काकूंनी डोळे गच्च मिटले होते. गिळलं. 

"असंलच पाप," त्या म्हणाल्या, "तर आता माझ्या पोटात गेलं. तुझ्या पोटाकडं यायचं न्हाई ते."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या चाकाचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. चंदना काकूंकडे बघत होती. हळूहळू तिचा एक हात पोटावरून निघाला आणि काकूंच्या मनगटावर आला. ते बोट अजून ओलं होतं.

"कसं लागलं?" तिने विचारलं.

"लय आंबट."

"म्हणजे त्याला भूक लागलीय, आई." चंदना रडत होती, पण बोलणं स्पष्ट होतं. "पीठ आणलंय का?"

काकूंनी कमरेची पिशवी चाचपली. आणलं होतं. खपलीचं, फडक्यात बांधलेलं. काकूंना गाठ सुटेना, शेवटी ती चंदनाने सोडली.